स्कूपच्या आधी ताटाचा हिशेब

जिममध्ये नाव घातलं की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "प्रोटीन कुठलं घेऊ?" आपल्याला प्रोटीन लागतं किती आणि रोजच्या जेवणातून पोटात जातं किती, हे प्रश्न त्याच्या आधी यायला हवेत. ते बहुधा नंतर येतात, पुष्कळदा येतच नाहीत. तोवर दोन-तीन हजारांचा डबा घरी आलेला असतो. आई त्याच्याकडे औषध म्हणून संशयानं बघते आणि मुलगा जादू म्हणून विश्वासानं. दोघांचंही थोडं चुकतं. या डब्याविषयी गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर बरंच संशोधन झालं आहे. त्यातलं काय पक्कं आहे, काय वादात आहे आणि आपल्याकडच्या खाण्याच्या सवयींत ते कुठं बसतं, हे एकत्र पाहण्याचा हा प्रयत्न.

तालमीतून जिममध्ये

अंगमेहनत करणाऱ्यानं वेगळं खावं, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९१२ साली खासबाग हे कुस्तीचं मैदान उभं राहिलेल्या कोल्हापुरात पैलवानाचा खुराक ही घरादाराची जबाबदारी असते. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडे घोटून केलेली थंडाई, दूध, तूप, अंडी, मटण, केळी. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध आजही पेल्यानं विकलं जातं. पण हा खुराक होता पहाटे आणि संध्याकाळी दोन वेळ घाम गाळणाऱ्यासाठी. शेकड्यांनी जोर-बैठका मारायच्या आणि मग लाल मातीत लढायचं, तर आधी उष्मांक लागत. प्रोटीन त्यांच्यासोबत आपसूक यायचं.

आजचा जिमवाला नऊ-दहा तास खुर्चीत बसतो आणि तासभर वजनं उचलतो. त्याला स्नायू हवेत आणि पोट नको. तूप-बदामाचा खुराक त्याला परवडणारा नाही. पैशानं नव्हे, कमरेच्या घेरानं. कमी उष्मांकांत जास्त प्रोटीन ही त्याची गरज आहे आणि तिथंच पावडरीचा धंदा उभा राहिला. आता हा धंदा मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी तालुक्याच्या गावातली मुलंही डबे घेतात, आणि तालमीतल्या पोरांच्या ट्रंकेत बदामाच्या पिशवीशेजारी शेकर दिसतो.

घेतं कोण, सांगतं कोण

जिममधली किती माणसं सप्लिमेंट घेतात, याच्या पाहण्या अनेक देशांत झाल्या आहेत. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहरात १,१०२ जिमवाल्यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण ३६.८ टक्के निघालं. दोन वर्षांनी बैरुतमधल्या ५१२ जणांच्या पाहणीत ते ३६.३ टक्के होतं. बॉडीबिल्डिंगकडे झुकलेल्या जिममध्ये आकडा याच्या दुपटीवरही जातो. या पाहण्या माणसांनी स्वतः दिलेल्या माहितीवर उभ्या असतात, त्यामुळे टक्केवारीवर फार भर देण्यात अर्थ नाही.

टक्केवारीपेक्षा त्यांतून पुन्हा पुन्हा दिसणारं चित्र बोलकं आहे. घेणाऱ्यांत तरुण पुरुष जास्त. सप्लिमेंटांत प्रोटीन पहिल्या नंबरवर. सल्ला देणारे म्हणजे ट्रेनर, जिममधला मित्र आणि इंटरनेट. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ फार थोड्यांच्या बाबतीत. हे चित्र पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही जिमला लागू पडेल. फरक इतकाच की, आपल्याकडे सल्ला देणाऱ्या ट्रेनरला विकलेल्या डब्यामागे कमिशन मिळणं ही उघड गोष्ट आहे. तपासणारा आणि विकणारा एकच असला की आजार सापडतोच.

लागतं किती?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेलं प्रमाण असं : निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन. जेवण मुख्यतः धान्यावर असेल, तर सुमारे १ ग्रॅम, कारण धान्यातलं प्रोटीन दर्जानं कमी भरतं. हे प्रमाण सामान्य माणसाचं झालं. नियमित वजनं उचलणाऱ्यासाठी क्रीडापोषणातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१७ साली किलोमागे १.४ ते २ ग्रॅमची शिफारस केली.

या विषयातला सर्वांत जास्त उद्धृत होणारा आढावा २०१८ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये आला. ४९ प्रयोग आणि १,८६३ माणसं यांची आकडेवारी त्यात एकत्र तपासली होती. व्यायामाला जादा प्रोटीनची जोड दिल्यानं चरबी सोडून उरणाऱ्या वजनात सरासरी ०.३ किलोची आणि एका वेळी उचलता येणाऱ्या कमाल वजनात सुमारे अडीच किलोची भर पडली. दिवसाचं एकूण प्रोटीन किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास पोचलं की पुढच्या प्रोटीनचा स्नायूंना उपयोग दिसला नाही.

जाहिरातीतला 'आधी' आणि 'नंतर'चा फोटो डोळ्यांसमोर ठेवून ०.३ किलो हा आकडा वाचावा. महिनोन्‌महिने व्यायाम करून जे कमावलं जातं, त्यातला बहुतेक भाग व्यायामाचा असतो. जादा प्रोटीनचा वाटा खरा आहे, पण लहान आहे.

गंमत अशी की, मे २०२४मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असं सांगितलं, तेव्हा आधार घेतला तो याच निष्कर्षाचा : फायदा थोडाच, आणि १.६ ग्रॅमच्या पुढे तोही नाही. जिमवाले हाच निष्कर्ष दाखवून म्हणतात, बघा, १.६पर्यंत फायदा आहे! दोघंही खोटं बोलत नाहीत. संस्था अख्ख्या देशाला उद्देशून बोलते, ज्यातले बहुसंख्य लोक वजनं उचलत नाहीत. जिमवाला स्वतःच्या दंडाबद्दल बोलतो. मात्र १.६पर्यंत पोचायला डबाच लागतो, असं त्या आढाव्यात कुठंही म्हटलेलं नाही. तिथं कसं पोचायचं, हा ताटाचा प्रश्न आहे.

मराठी ताटात काय असतं?

'७३ टक्के भारतीयांना प्रोटीन कमी पडतं' हे वाक्य पावडरीच्या जाहिरातींत सर्रास दिसतं. ते २०१७च्या एका बाजार-पाहणीतून आलं आहे. दुसरीकडे केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार देशात दरडोई रोजचं प्रोटीन खेड्यांत ६१.८ आणि शहरांत ६३.४ ग्रॅम आहे. ही सरासरी आहे; कुणाच्या ताटात ३० आणि कुणाच्या ताटात ९० हे ती सांगत नाही. म्हणून सरासरी बाजूला ठेवून एकाच ताटाचा हिशेब करू.

सत्तर किलो वजनाचा, शाकाहारी घरातला, खानावळीत जेवणारा मुलगा घ्या. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे : सात ग्रॅम. दोन चहांतलं दूध : चार. दुपारी तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी : बारा. संध्याकाळी वडापाव : पाचेक. रात्री दोन पोळ्या, भाजी, भात आणि खानावळीचं पातळ वरण : एकोणीस. बेरीज ४५ ते ५० ग्रॅम, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक गहू-तांदळाचं. सामान्य प्रमाणानं त्याला ५८ ग्रॅम हवेत, म्हणजे जिमला न जाताही तो मागेच आहे. व्यायामाच्या प्रमाणानं ११२ हवेत. तूट साठ ग्रॅमच्या वर.

ही तूट स्वयंपाकघरात भरून निघते का? ५० ग्रॅम सुक्या सोया वडीत २६ ग्रॅम प्रोटीन असतं. तीन अंड्यांत १८. मूठभर मटकी भिजवून, मोड आणून केलेल्या वाटीभर उसळीत नऊ. पेलाभर दुधात आठ, वाटीभर दह्यात पाच. झाले ६६. अंडी चालत नसतील, तर ५० ग्रॅम पनीर आणि ५० ग्रॅम फुटाणे मिळून तेवढंच देतात. मांसाहारी घरात १०० ग्रॅम शिजलेल्या कोंबडीतून ३० ग्रॅमच्या आसपास मिळतात. कोकणात सुका बोंबील आणि सुकट हे तर पिढ्यान्‌पिढ्यांचं प्रोटीन. त्यांच्या वजनाचा निम्म्याहून मोठा भाग प्रोटीनचाच असतो.

कडधान्यांचं प्रोटीन कमी दर्जाचं, ही तक्रारही तपासून घ्यावी. प्रोटीनच्या घटकांपैकी धान्यात लायसिन कमी आणि डाळीत मेथिओनिन कमी. भाकरी-उसळ किंवा वरण-भात एकत्र खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निव्वळ वनस्पतिजन्य आहार घेणारे आणि मांसाहारी अशा तरुणांना किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन आणि सारखाच व्यायाम दिला. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या स्नायूंत आणि ताकदीत फरक आढळला नाही. त्या प्रयोगात दोन्हीकडची तूट पावडरीनं भरली होती, एकीकडे सोयाच्या आणि दुसरीकडे दुधापासून काढलेल्या व्हेच्या, हेही लक्षात ठेवायला हवं.

हिशेब जमतो, तरी रोज अमलात आणणं सोपं नसतं. खानावळीत उसळ आठवड्यातून दोनदा मिळते. पुष्कळ घरांत अंडं चालत नाही, 'बाहेर काय खायचं ते खा' अशी तडजोड असते. श्रावणात घरचं मटण-मच्छी बंद, सोमवार-शनिवारचे उपास, नवरात्राचे नऊ दिवस. आणि उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाण्याचं कूट सोडलं तर प्रोटीन नावाला. अशा दिवसांत पावडर हा सोयीचा मार्ग ठरतो, हे मान्य करायला हवं.

जिमवाल्यांच्या खाण्यातल्या खोडी

डबा घेणाऱ्याचं बाकीचं खाणं सुधारलेलं असतं, असं मात्र नाही. ट्रेनरनं दिलेला छापील 'डायट चार्ट' उकडलेली कोंबडी, भात आणि ब्रोकोलीभोवती फिरतो. पोळी बंद, फळं बंद. भाज्या आणि कडधान्यं ताटातून गेली की चोथा जातो आणि बद्धकोष्ठाची तक्रार सुरू होते. आठवडाभर हे सोसून रविवारी 'चीट डे'ला बिर्याणी, मिसळ आणि मस्तानी एकाच दिवशी.

अंड्याचा पिवळा बलक काढून टाकणं ही दुसरी खोड. एका अंड्यातल्या सव्वासहा ग्रॅमपैकी जवळपास पावणेतीन ग्रॅम प्रोटीन बलकात असतं. जीवनसत्त्वं तर बहुतेक तिथंच. सहा अंड्यांचे बलक फेकणारा मुलगा सोळा ग्रॅम प्रोटीन कचऱ्यात टाकतो आणि २४ ग्रॅमचा स्कूप विकत आणतो. कच्ची अंडी दुधात फेटून पिणारेही तोट्यात आहेत. शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९० टक्के प्रोटीन पचतं, कच्च्यातलं ५० टक्क्यांच्या आसपास.

तिसरी खोड घड्याळाची. शेवटचा सेट संपला की अर्ध्या तासात शेक घेतला नाही, तर व्यायाम वाया गेला, अशी समजूत आहे. म्हणून जिमच्या पायऱ्यांवरच शेकर हलवले जातात. २०१३ साली या विषयावरचे प्रयोग एकत्र तपासले गेले. दिवसभराचं एकूण प्रोटीन सारखं धरलं की वेळेचा स्वतंत्र फायदा उरला नाही. घरी जाऊन, आंघोळ करून जेवलं तरी चालतं. तीन-चार जेवणांत विभागून, दर वेळी निदान २०-२५ ग्रॅम, एवढं पाळलं तर पुरे.

डब्यात काय भरलेलं असतं?

दूध नासवून पनीर किंवा चीज काढलं की हिरवट-पिवळं पाणी उरतं. गाईच्या दुधातल्या प्रोटीनचा पाचवा भाग त्यात असतो, बाकीचं केसिन. हे पाणी गाळून, वाळवून व्हे पावडर होते. कॉन्सन्ट्रेटमध्ये प्रोटीन साधारण ७०-८० टक्के, आयसोलेटमध्ये ९०च्या पुढे आणि लॅक्टोज अगदी कमी. दूध न पचणाऱ्यांचं कॉन्सन्ट्रेटनं पोट डब्ब होतं, ते त्यातल्या लॅक्टोजमुळे. म्हणजे मुळात हा दुधाचाच पदार्थ. आईला वाटतं तसं औषध किंवा 'स्टेरॉइड' नव्हे. 'मास गेनर' नावाचा मोठा डबा मात्र वेगळा. त्यात बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन आणि साखर असते. वजन वाढवायचं असेल, तर केळी-दूध आणि शेंगदाण्याचा लाडू तेच काम स्वस्तात करतात.

खरी काळजी भेसळीची आहे. प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत, पदार्थातला नायट्रोजन मोजून त्यावरून आकडा काढतात. योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं १८८३ साली दिलेली ही पद्धत आजही चालते. तिची पळवाट अशी की, ग्लायसिन-टॉरिनसारखी स्वस्त द्रव्यं मिसळली तरी नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रोटीन फुगतं. २००८ साली चीनमध्ये याच पळवाटेनं दुधात मेलामाइन मिसळलं गेलं आणि सहा बाळं दगावली.

भारतीय बाजारातल्या ३६ पावडरींची तपासणी केरळमधले यकृततज्ज्ञ डॉ. सिरियॅक अ‍ॅबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी केली. ती एप्रिल २०२४मध्ये 'मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली आणि काहींत सांगितल्याच्या निम्मंच प्रोटीन होतं. १४ टक्क्यांत बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिन आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. ३६ नमुने म्हणजे सगळा बाजार नव्हे. पण घेणाऱ्याला लेबलावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, एवढं त्यातून स्पष्ट होतं. डब्यावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि परदेशी मालावर आयातदाराचं नाव-पत्ता असणं कायद्यानं आवश्यक आहे. निम्म्या किमतीत 'इंपोर्टेड' माल देणाऱ्याकडे हे दोन्ही आधी बघावं.

मूत्रपिंड, क्रिएटिन आणि सुई

'प्रोटीननं किडनी जाते' हे घराघरात ऐकू येणारं वाक्य. निरोगी माणसांवरच्या प्रयोगांचा २०१८ साली घेतलेला आढावा सांगतो की, जास्त प्रोटीननं मूत्रपिंडाचं काम बिघडल्याचं दिसत नाही. यातले प्रयोग आठवड्या-महिन्यांचे आहेत, वीस-वीस वर्षांचे नाहीत. आणि 'निरोगी' या शब्दाला इथं वजन आहे. ज्याचं मूत्रपिंड आधीच दुबळं आहे, त्याला जास्त प्रोटीन खरोखरच बाधतं. मूत्रपिंड दुबळं करणारा मधुमेह किंवा रक्तदाब आपल्याला आहे, हे ठाऊक नसलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. चाळिशीत जिमला सुरुवात करणाऱ्यानं आधी साखर, रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घ्यावी. क्रिएटिन हे सप्लिमेंट घेणाऱ्याचं क्रिएटिनिन मूत्रपिंड ठीक असतानाही थोडं जास्त दिसू शकतं, म्हणून काय घेतो ते डॉक्टरांना सांगावं. दिवसाला तीन ते पाच ग्रॅम क्रिएटिन ही निरोगी प्रौढांसाठी बऱ्यापैकी तपासलेली गोष्ट आहे.

खरा धोका प्रोटीन-क्रिएटिनच्या पलीकडे सुरू होतो. 'सायकल मारणं' या नावाखाली घेतली जाणारी स्टेरॉइड्स यकृत, हृदय आणि प्रजननक्षमता तिन्हींवर उठतात. मेफेन्टरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्याचं इंजेक्शन. दम वाढावा म्हणून ते जिममध्ये टोचलं जातं आणि त्याचे बेकायदा साठे राज्यात पोलिसांनी पकडले आहेत. प्रोटीनचा डबा आणि ही सुई यांना घरच्यांनी एकाच मापानं मोजलं, तर मुलगा दोन्ही लपवायला शिकतो.

घरात गरज कुणाला?

या सगळ्या चर्चेत तरुण मुलगा मध्यभागी राहतो आणि घरातली बाकीची माणसं मागे पडतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत स्त्रीला रोज २२ ग्रॅम प्रोटीन जादा लागतं, असं २०२०चंच भारतीय प्रमाण सांगतं. साठीनंतर स्नायू झिजतात, म्हणून वृद्धांसाठी तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. प्रत्यक्षात आजोबांचं रात्रीचं जेवण दूध-भातावर आलेलं असतं. जिमला जाणाऱ्या बायका 'अंग पुरुषी होईल' या भीतीनं वजनं आणि प्रोटीन दोन्ही टाळतात. तसं होत नाही, कारण त्यासाठी लागणारं टेस्टोस्टेरॉन त्यांच्या शरीरात फार कमी असतं. उसळ आणि अंडी मुलापुरती न शिजता सगळ्यांच्या ताटात आली, तर घराचा फायदा स्कूपपेक्षा मोठा होईल.

पैशाचा हिशेबही त्याच बाजूला झुकतो. आजच्या भावानं व्हेचा एक स्कूप साधारण ७० ते १०० रुपयांना पडतो आणि २४-२५ ग्रॅम प्रोटीन देतो. तेवढंच चार अंडी तीसेक रुपयांत देतात, तर सोया वडी दहा रुपयांच्या आसपास.

मग घ्यावं की नाही?

उपलब्ध पुराव्यावरून उत्तराचा क्रम असा लागतो. आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून काढावं आणि बेरीज करावी. तूट आधी ताटात भरावी. तरीही २०-२५ ग्रॅम कमी पडत असतील आणि मूत्रपिंड ठणठणीत असेल, तर दिवसाला एक स्कूप घेण्यात गैर काही नाही. बेरीज न करता घेतलेला स्कूप मात्र बहुधा एक तर गरजेचा नसतो, नाही तर एकटा पुरेसा नसतो.

पण सगळा भार त्या मुलावर टाकणंही बरोबर नाही. बाजारातल्या पावडरींची तपासणी करून ब्रँड आणि बॅचनिहाय निकाल लोकांसमोर ठेवणं हे अन्न व औषध प्रशासनाचं काम आहे. ते काम एखाद्या डॉक्टरानं स्वतः पुढाकार घेऊन करावं लागू नये. जिमवाल्यांनी सल्ला आणि विक्री वेगळी ठेवावी. आणि वसतिगृहांनी, भरतीच्या अकादम्यांनी, खानावळींनी रोज एक घट्ट उसळ आणि मागणाऱ्याला अंडं द्यायला सुरुवात केली, तर डब्याची निम्मी गरज तिथंच मिटेल.